सतरावा अंगठा

"संपली," शलमोन पंच म्हणाले आणि पितळी ताट उलटं करून दाखवलं.

आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. दोन्ही पाय समोर पसरलेले, डोक्यावर पदर, आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केलेली. ती ओंजळ तशीच राहिली.

"काय संपलं?"

"प्रभुभोजनाची भाकर, काकू. आत माणसं जास्त झाली आज."

"आन् रस?"

"रसबी संपला."

"मग म्या आता काय करू? ओंजळ घेऊन घरला जाऊ?"

"पुढच्या महिन्यात लक्षात ठेवतो की. पहिल्या रविवारी."

"मागच्या महिन्यातबी तू हेच म्हणला होतास, शलमोन. तवा निदान चुरा तरी होता."

पंचांनी फेटा सारखा केला आणि ते आत गेले. पायरीवर आत्यांच्या शेजारी देवळाशेजारच्या बोर्ड्यांचं कुत्रं बसलं होतं. त्यानं आत्यांची ओंजळ हुंगली आणि आत काही नाही हे पाहून तेही उठून गेलं.

मी आतून हे सगळं पाहत होते. उठून बाहेर जाणं शक्य नव्हतं, कारण माझ्या एका मांडीवर शेजारणीचं पोर होतं आणि दुसऱ्या पायावर कोणाचा तरी गुडघा.

आमचं देऊळ म्हणजे करजवाडीच्या ख्रिस्ती मंडळीचं. दगडी भिंती, वर कौलं, आत बाकं-खुर्च्या काही नाहीत, सतरंज्या अंथरून खाली बसायचं. दारापासून थेट पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, मेजापर्यंत मधोमध काळ्या फरशीची एक ओळ गेली होती. ओळीच्या उजवीकडे पुरुष, डावीकडे बाया. देऊळ बांधणाऱ्या गोऱ्या साहेबानं ती ओळ घातली, असं सगळे सांगायचे. तेव्हापासून ती ओळ ओलांडून कोणी बसलं नव्हतं.

पण गडी गावात राहिले होते कुठं? कोणी पुण्याला कारखान्यात, कोणी मुंबईला, कोणी पलटणीत. माझे मालक पुण्याला. त्या वर्षी रविवारी उजवीकडे अकरा गडी बसायचे आणि डावीकडे आम्ही साठ-पासष्ट बाया, वर पोरं. आम्ही गुडघ्याला गुडघा लावून, गोण्यांची थप्पी लावावी तशा. पलीकडे अकरा जण ऐसपैस. शलमोन पंच तर भिंतीला टेकून बसायचे आणि उकडतं म्हणून फेटा काढून शेजारी ठेवायचे. चांगला मोठा फेटा. त्याला एका माणसाची जागा लागायची.

आत्यांचे गुडघे दोन वर्षांपासून आखडले होते. बसल्या की पाय सरळ पुढे, दुमडायचे म्हणून नाहीत. बायांच्या बाजूला त्यांना तीन बायांची जागा लागली असती. एकदा मी पाळकांच्या घरची खुर्ची आणून पाहिली. पाय पुढच्या बाईच्या मानेवर गेले आणि मागच्या चार जणींना पाळक दिसेनात. मग आत्या आपण होऊनच पायरीवर बसायला लागल्या. तिथून प्रार्थना नीट ऐकू यायची नाही. आत सगळ्यांचं "आमेन" म्हणून झालं, की घटकाभरानं बाहेरून एकटं "आमेन" यायचं, आणि पोरं फिदीफिदी हसायची.

त्या दिवशी घरी गेल्यावर आत्या जेवल्या नाहीत.

"आत्या, दोन घास तरी."

"रिबका, एक ऐक. पुढच्या पहिल्या रविवारी म्या आत बसले तर बसले. न्हाईतर माझं देवळात येणं बंद."

"असं काय बोलता?"

"राग न्हाई गं मला. पायरीवर कुत्रं बसतं, बोर्ड्याची शेळी बसती, म्याबी बसले. वैशाखाचं ऊन, खाली दगुड तव्यासारखा, तरी बसले. पण भाकर दारापातूर पोचत नसंल, तर म्या मंडळीत हाये का न्हाई? तेवढं कळू दे. न्हाई म्हणाले तर घरी बसंन."

आत्यांनी देऊळ बांधताना डोक्यावर पाणी वाहिलेलं. साठ वर्षांत त्यांचे चुकलेले रविवार बोटांवर मोजता आले असते, आणि ते सगळे बाळंतपणाचे. त्या म्हणाल्या म्हणजे करणार, हे मला माहीत होतं. माझ्याजवळ चार आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं धुताना मी बायांसमोर विषय काढला.

"जागा हाये कुठं?" एस्तरबाई म्हणाली. तिचा आवाज असा, की ओढ्याच्या पलीकडची म्हैस मान वर करून बघायची. "परवाच्याला माझ्या मांडीवर एक पोरगं झोपलं. म्या उचलून घरी नेलं. घरी गेल्यावर बघते, तर माझं न्हाईच. माझं रडत देवळात."

"मग आपण पलीकडे सरकू की," मी म्हणाले. "चार फरश्या. जास्त नाही. कडेला आत्यांचे पाय पसरतील एवढं."

कोणी धुणं पिळत राहिली, कोणी नुसतीच पाण्यात बघत राहिली. काळी ओळ ओलांडायची म्हणजे काय, हे त्या ओढ्यावरसुद्धा कळत होतं.

"पंचांना विचारावं लागंल," एक जण हळूच म्हणाली.

"विचारू," एस्तरबाईनं लुगडं दगडावर आपटलं. "विचारायला काय फरशी लागती?"

बुधवारी पंचांची बैठक पाळकांच्या ओसरीवर असायची. पाच पंच, आणि अमोलिक पाळक. पाळक नवे, शहरातून आलेले, अंगानं काटकुळे, बोलताना हातरुमालाची घडी घालणारे. त्यांच्या घरी दूध शलमोन पंचांच्या गोठ्यातून यायचं, त्यामुळे पंचांशी बोलताना त्यांची घडी जरा बारीक व्हायची.

मी आणि एस्तरबाई ओसरीखाली उभ्या राहिलो. मी म्हणणं मांडलं. चार फरश्या.

शलमोन पंच हसले. "रिबका, हा काय शेताचा बांध हाये, जरा इकडं कोरलं, जरा तिकडं? साहेबानं मोजून ओळ घातली. निम्मं पुरुषांना, निम्मं बायांना."

"तवा असतील निम्मे," एस्तरबाई म्हणाली. "आता अकरा हायेत."

"आता गावात अकरा. पण नाताळाला सगळे येतात. त्या दिवशी आमची बाजू भरते का न्हाई?"

"व्हय, भरते. वर्षातला एक दिस गडी बसतात, बाकीचे सगळे रविवार तुमचा फेटा बसतो."

दोन पंचांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडं फिरवली. शलमोन पंच चिडले नाहीत. त्यांच्याजवळ हुकमी पान होतं, आणि आमच्या वाडीत ते पान सगळ्यांना माहीत होतं.

"वहीत हाये," ते म्हणाले.

ती वही त्यांच्या घरी पेटीत, लाल फडक्यात बांधलेली असायची. मंडळी स्थापन झाली त्या रविवारी साहेबाच्या कारकुनानं लिहिलेली. दोन कागद, एक पुरुषांचा, एक बायांचा. खाली सगळ्यांचे अंगठे. गावात पाहुणा आला, की पंच त्याला पहिल्या कागदावरचा पहिला अंगठा दाखवायचे. "हा आमच्या आज्याचा. कोंडाजी. मंडळीतला पहिला पुरुष." त्या अंगठ्याच्या जोरावरच पंचपण त्यांच्या घरात चालत आलं होतं. आज्यानंतर बाप, बापानंतर ते.

"पुरुष एकोणीस, बाया एकोणीस," पंच म्हणाले. "सारखे. म्हणून निम्मं निम्मं. लोक कामाला जातात, परत येतात. वही बदलत न्हाई. गडी परत आले तर काय त्यांना आढ्याला टांगू?"

"माझा गडी अकरा वर्सं झाली परतच येतोय," एस्तरबाई म्हणाली.

पाळकांनी रुमालाची घडी उलगडली आणि परत घातली. "मला वाटतं," ते म्हणाले, "म्हणजे पंचांची हरकत नसेल तर, वही एकदा मंडळीसमोर वाचावी. पहिल्या रविवारी, भोजनाच्या आधी. वहीत जे असेल ते सगळ्यांनी मान्य करायचं. बायांनीही."

"वाचू की," पंच म्हणाले. "आनंदानं वाचू."

वाटेनं येताना एस्तरबाई काही बोलली नाही. तेव्हा कळलं, की आम्ही हरलो.

घरी येऊन मी आत्यांना सांगितलं. वाटलं, रडतील. त्या शेंगा फोडत होत्या, फोडतच राहिल्या.

"एकोणीस पुरुष म्हणला?"

"हो. वहीत आहेत."

"एकोणीस," आत्या म्हणाल्या. त्यांनी एक शेंग दाताखाली फोडली. मग म्हणाल्या, "माझं ते हिरवं लुगडं काढून ठेव. रविवारी नेसंन."

रविवारी देवळात मुंगीला जागा नव्हती. म्हणजे आमच्या बाजूला. आत्या हिरवं लुगडं नेसून पायरीवर बसल्या होत्या. मेजावर भाकरीचं ताट आणि रसाचा पेला, वर पांढरं फडकं झाकलेलं. शलमोन पंच उठले. लाल फडकं सोडलं, वही उघडली, लांब धरली, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"करजवाडी मंडळी. पुरुष एकोणीस. स्त्रिया एकोणीस. एकूण अडतीस. निम्मे निम्मे."

वही मिटली. पाळकांनी मान हलवली आणि भाकरीवरचं फडकं काढायला हात पुढे केला.

"शलमोन," दारातून आवाज आला. "त्या वहीत अंगठे हायेत नव्हं?"

"हायेत, काकू. सगळ्यांचे हायेत."

"मग माझाबी असंल. दहा वर्सांची होते म्या तवा. शाईची डबी पयल्यांदा बघितली. अंगठा काळा झाला म्हणून दोन दिवस धुतला न्हवता."

"असंल की. बायांच्या कागदावर असंल."

"न्हाई," आत्या म्हणाल्या. "म्या उजवीकडं बसले होते."

"काकू, उजवीकडं पुरुष बसतात."

"आता बसतात. तवा डावीकडं निम्म्यात बांधकामाची कौलं रचलेली, ती बाजू भरून गेली. माझी आई मला घेऊन उजवीकडच्या भिंतीला बसली. माझी मावशी, ठकी, राही, झाडून साऱ्या. कारकुनानं दोन कागद केले. एक उजवीकडं फिरवला, एक डावीकडं. जो जिथं बसला तिथं त्यानं अंगठा दिला."

"आणि गडी?" पाळकांनी विचारलं.

"गडी कालव्याच्या खोदकामाला. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, पाळकसाहेब. घरात दाणा न्हवता. गावात गडी होते ते म्हातारे, लंगडे आन् एक ताप आलेला."

आमच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली. शलमोन पंचांनी वही छातीशी धरली. "काकू, साठ वर्सांपूर्वीचं कोणालाबी काहीबी आठवतं. पुरावा पाहिजे."

आत्यांनी उजवा हात वर केला. "हा पुरावा. माझ्या अंगठ्यावर आडवी रेघ हाये, कापल्याची. बघा बरं पाळकसाहेब, त्या पुरुषांच्या कागदावर आडवी रेघ असलेला अंगठा हाये का? नसंल तर म्या ही चालले घरला."

मी पदराचं टोक तोंडात धरलं.

पाळकांनी वही घेतली. दाखल्यांवर शिक्का मारायची जांभळी शाई मागवली. दारापाशी येऊन खाली बसले, आत्यांचा अंगठा शाईत बुडवून एका कोऱ्या कागदावर उठवला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायला लागले. एकेका अंगठ्यावर बोट ठेवत, ओठ हलवत. सगळं बघून झालं, की परत पहिल्यापासून.

"सतरावा," ते शेवटी म्हणाले. आवाज अगदी बारीक. "सतराव्यावर आडवी रेघ आहे. मिळतोय."

"बघू!" पंच धावत आले, वाकले, बघितलं. "काकू," ते म्हणाले, "म्हणजे तू... तू पुरुष?"

"आत्ता तूच वाचलंस की सगळ्यांदेखत. पुरुष एकोणीस. त्यातला सतरावा म्या."

आधी एस्तरबाई हसली. मग आमची सगळी बाजू हसली. साठ-पासष्ट बाया एकदम हसल्यावर कौलांतून धूळ पडली, ती भाकरीवर पडू नये म्हणून पाळक धावत जाऊन ताटावर ओणवे झाले. पुरुषांच्या बाजूनं आंधळे थोमाबाबा म्हणाले, "अरे, मग येऊ दे की तिला आपल्यात. अकराचे बारा होऊ. तेवढीच बरकत."

"थांबा!" शलमोन पंच ओरडले. "एका अंगठ्यानं काय होतं? उजवीकडं गडी नव्हतेच असं कसं? हा बघा, पहिला अंगठा. हा माझ्या आज्याचा. कोंडाजीचा. सगळ्या वाडीला ठाऊक हाये."

आत्यांना पुढचं बोलायचं नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"शलमोन, बाळा," त्या म्हणाल्या. साठीच्या पंचाला त्यांनी बाळा म्हटलं. "तुझा आजा त्या रविवारी कालव्यावर माती वाहत होता. पेरणीच्या तोंडाला घरी आला. तो अंगठा राधाबाईचा. तुझ्या आजीचा. ती सगळ्यात पुढं बसली होती, आन् कारकून शाई घेऊन आला तवा बाकीच्या भ्याल्या. तिनं पयला दिला."

"आजीचा?"

"बघ की किती रुंद हाये. दुष्काळात खडी फोडून झालेला. तसला अंगठा त्या काळात एकाबी गड्याचा न्हवता."

पंच वहीवर वाकले. मग त्यांनी आपला अंगठा त्या काळ्या ठशावर हलकेच ठेवून बघितला. ठसा सगळीकडून बाहेर उरला.

"रुंद होता खरा," ते म्हणाले. आवाज पंचाचा राहिला नव्हता. "मला भात कालवून भरवायची ती. घासात अंगठाच जास्त यायचा."

ते आपल्या जागेकडे गेले. भिंतीजवळ ठेवलेला फेटा उचलला, झटकला आणि डोक्यावर घातला. मग नुसतेच उभे राहिले, दाराकडे बघत.

मी आणि एस्तरबाईनं आत्यांना दोन्ही काखांत धरून उठवलं. काळ्या ओळीवरून चालवत नेलं आणि उजवीकडे, फेट्याच्या जागी, भिंतीला टेकवून बसवलं. आत्यांनी पाय पसरले. आरामात पसरले. डावी टाच काळ्या ओळीच्या पलीकडे गेली, ती त्यांनी तशीच राहू दिली.

आमच्यात भाकर उजवीकडून सुरू व्हायची, पहिल्यांदा पंचांना. पाळक ताट घेऊन आले. शलमोन पंचांनी हात पुढे केला नाही.

"आधी वहीतल्या पुरुषाला," ते म्हणाले.

आत्यांनी ओंजळीत भाकर घेतली. बघितली. शेजारच्या थोमाबाबांना हळूच म्हणाल्या, पण सगळ्या देवळानं ऐकलं, "चुरा न्हाई. तुकडा हाये." आणि त्या दिवशी त्यांचं "आमेन" सगळ्यांच्या आधी आलं. पाळकांची प्रार्थना अजून संपायची होती.

पुढच्या रविवारी एस्तरबाई सरळ उजवीकडे जाऊन बसली. "माझी आजीबी तवा हिकडंच बसली असंल," म्हणाली. तिच्यामागून बोर्ड्यांच्या बाया, त्यांच्यामागून सगळ्या. कोणाची आजी कुठं बसली होती हे विचारायची हिंमत कोणाला झाली नाही, कारण विचारायचं तर आत्यांना विचारावं लागलं असतं. नाताळाला मुंबई-पुण्याचे गडी आले, तेव्हा त्यांना जिथं जागा मिळाली तिथं बसावं लागलं. एस्तरबाईचा नवरा अकरा वर्षांनी आला आणि उशिरा उठला. तो पायरीवर बसला, बोर्ड्यांच्या कुत्र्याशेजारी.

पण मी सांगत होते ते त्या पहिल्या रविवारचं. देवळातून घरी येताना आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होत्या. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी म्हणाले,

"आत्या, तुमचा अंगठा तर विळीवर कापला होता."

त्यांनी उजवा अंगठा पदरात घेतला.

"माझं लग्न होऊन दुसरं वर्ष. शेपूची भाजी चिरताना. मीच हळद भरली होती."

"घरला चल आधी," आत्या म्हणाल्या.

घरी गेल्यावर त्यांनी पाणी पिऊन घेतलं, खांबाला टेकून बसल्या.

"म्या उजवीकडं बसले होते हे खरं हाये," त्या म्हणाल्या. "पवित्र शास्त्रावर हात ठेवून सांगते. शाई लावून अंगठाबी दिला. राधाबाईनं पयला दिला हेबी खरं. पण एकोणिसातला माझा कोणता, ते देवाला ठावं. सगळे काळे ठिपके. त्या पाळकाला एक पाहिजे होता, म्या एक दिला."

"पण रेघ? रेघ सापडली नसती तर?"

"वही साठ वर्सं घडी घालून ठेवलीया, पोरी. कुठं ना कुठं घडी पडलीच असंल. म्या कितवा ते सांगितलं का? म्या नुसतं विचारलं. सतरावा म्हणून त्यानंच सांगितलं." आणि मग जरा काळजीनं, "पाप झालं का गं?"

मी काय सांगणार? मला तेव्हा नाव लिहिता येत नव्हतं. मी म्हणाले, "पाळकांना विचारू का?"

"नगं," आत्या म्हणाल्या. "त्यांनी दोनदा मोजलंय. त्यांना कशाला त्रास."

त्यानंतर आत्या पाच वर्षं होत्या. फेट्याच्या जागीच बसायच्या. पापाचं त्यांनी परत कधी काढलं नाही, पण कधी कधी प्रार्थनेच्या वेळी त्या उजवा अंगठा मुठीत लपवून बसायच्या, ते मला दिसायचं.

मी अक्षर शिकले ते पंचावन्नाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात, नातवंडांच्या पाटीवर. तोवर शलमोन पंच गेले होते. जाताना ते मुलाला सांगून गेले, की वही रिबकाकडे दे. मंडळीनं मला पंच केलं होतं तेव्हा. चार ओळी वाचता यायला लागल्या, त्या दिवशी मी पेटीतून लाल फडकं काढलं. चष्मा लावला. वही उघडली.

एक अक्षर लागेना.

मला वाटलं, आपलं शिकणं सगळं वाया गेलं. रडायलाच आलं. दुसऱ्या दिवशी वही पदराखाली घेऊन मी तालुक्याला गेले. तिथं गंधे म्हणून एक निवृत्त मास्तर जुने कागद वाचून द्यायचे. त्यांनी वही बघितली आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला कसं येईल? ही मोडी आहे. आता शंभरात एकाला येत नाही."

मी तिथल्या बाकावर बसलेच. शलमोन पंचांना फक्त बालबोध यायचं, हे मला माहीत होतं. अमोलिक पाळकांना मोडी येत असती, तर त्यांनी ओठ हलवत दोनदा अंगठे मोजले असते का? पंचांच्या बापानं त्यांना जे तोंडपाठ करवलं होतं, तेच त्यांनी त्या रविवारी खणखणीत म्हणून दाखवलं होतं. वाडीतल्या साऱ्या माणसांनी ती वही मानली होती, आणि वाचली कोणीच नव्हती.

"मग काय लिहिलंय?" मी विचारलं.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. "मौजे करजवाडी. उजवे बाजूस असामी एकोणीस. डावे बाजूस असामी एकोणीस. पुरुष, स्त्री असं वेगळं काही लिहिलेलं नाही. नुसत्या बाजू." त्यांनी कागद फिरवला. "थांबा, खाली बारीक अक्षरात आहे. एकूण असामी अडतीस. पैकी बायका व मुली तेहतीस. पुरुष पाच."

"सहा," मी म्हणाले.

"नाही हो, पाचच. स्पष्ट आहे."

"सहा, मास्तर," मी वही फडक्यात बांधत म्हणाले. "आमच्या सासूबाई धरून."